स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठ : दुर्बिणीच्या उपचारापर्यंत योग्य क्रमाने कसे पोहोचावे

पोटाचा सीटी होतो, रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंडात भरपूर रक्तपुरवठा असलेली छोटी गाठ, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची शक्यता’ असे येते आणि घरातून पहिला प्रश्न निघतो, ‘दुर्बिणीने होईल ना?’ त्यामागोमाग दुसरा, ‘रोबो कुठे आहे?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी बरीच नंतर येते. गाठ हार्मोन सोडते का, ती नेमकी कुठे आहे, स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून किती लांब आहे आणि मुळात ती आत्ता काढायची आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे हातात येण्याआधी ऑपरेशनची तारीख घेतली, तर छोट्या छेदाचे ऑपरेशनही चुकीचे ऑपरेशन ठरू शकते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. तो रुग्णासाठी आहे आणि त्याहून जास्त, फाइल घेऊन धावपळ करणाऱ्या नातेवाइकासाठी आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो आजार येतो, तो ॲडिनोकार्सिनोमा. ही गाठ वेगळी असते. ती हार्मोन तयार करणाऱ्या पेशींतून उगवते आणि बहुतेकदा संथ वाढते. त्यामुळे तपासण्या नीट करायला सहसा काही आठवडे मिळतात. ते घाबरून वाया घालवू नका.

## टप्पा १ : फाइल आधी, डॉक्टर नंतर

मोठ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी चार वस्तू जमवा.

१. सीटी किंवा एमआरआयची सीडी. छापील फिल्म आणि दोन पानांचा रिपोर्ट पुरत नाही. सर्जनला गाठ आणि नळी यांतले अंतर स्वतः मोजायचे असते, आणि ते पडद्यावर काप पुढेमागे करूनच मोजता येते.

२. बायोप्सी झाली असेल तर काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. लॅब ब्लॉक देते, फक्त लेखी अर्ज करावा लागतो. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात स्लाइड पुन्हा वाचल्या जातात, आणि या आजारात दुसऱ्यांदा वाचून घेणे फार मोलाचे आहे.

३. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. पित्तासाठीच्या गोळ्या, केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या, मधुमेहावरची म्हणून कुणी दिलेली बिननावाची पावडर, सगळे लिहा.

४. घरातला इतिहास : कुणाला वारंवार मुतखडे, रक्तात कॅल्शियम वाढलेले, मानेतल्या पॅराथायरॉइडचे किंवा मेंदूतल्या पिट्युटरीचे ऑपरेशन. याचा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा २ : गाठ हार्मोन सोडते का, हे आधी ठरवा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

या गाठींचे दोन गट आहेत. काही गाठी हार्मोन सोडतात आणि त्याचा त्रास होतो. काही सोडत नाहीत, किंवा सोडले तरी त्रास देत नाहीत. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. सीटीच्या चित्रावरून हा फरक कळत नाही, तो लक्षणांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून कळतो.

इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडून साखर घसरवणारी गाठ. हार्मोन सोडणाऱ्या गाठींत ही सर्वांत नेहमी आढळणारी. सुमारे ९० टक्के इन्सुलिनोमा साध्या, न पसरणाऱ्या असतात आणि बहुतेक २ सेंटिमीटरपेक्षा लहान. म्हणजेच दुर्बिणीच्या उपचाराला सर्वांत योग्य. पण निदान व्हायला कधीकधी वर्षे जातात, कारण रुग्ण ‘फिट येते’ म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे किंवा ‘बडबडतो, ओळखत नाही’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचतो. पहाटेची वेळ, जेवण लांबलेला दिवस, निर्जळी एकादशी किंवा नवरात्राचे उपवास अशा वेळी घाम, थरथर, असंबद्ध बोलणे आणि गोड दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस ठीक, हे चित्र दिसले की साखर मोजायलाच हवी. वजन वाढत गेलेले असते, कारण खाल्ले की बरे वाटते हे रुग्णाला स्वतःहून उमगलेले असते.

निदानासाठी तीन गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात : लक्षणे, त्याच क्षणी कमी साखर, आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे. घरचा ग्लुकोमीटर इशारा देतो, पण पुरावा म्हणून शिरेतले रक्त लॅबमध्ये तपासलेले लागते. कमी आकड्यांवर ग्लुकोमीटर तितका अचूक नसतो.

पुरावा मिळत नसेल तर रुग्णालयात दाखल करून ७२ तासांपर्यंत देखरेखीखाली उपाशी ठेवतात. फक्त पाणी चालते. बहुतेक इन्सुलिनोमा पहिल्या ४८ तासांतच उघडे पडतात. साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त, प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल किंवा जास्त आणि कीटोन म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट २.७ मिलिमोल किंवा कमी, असे आकडे आले की शरीर नको तेव्हा इन्सुलिन सोडत आहे हे सिद्ध होते.

एक तपासणी हमखास राहून जाते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या पोटात गेल्या असतील तरी रक्ताचे आकडे हुबेहूब असेच येतात. घरात आजोबांच्या गोळ्यांचा डबा आणि रुग्णाच्या गोळ्यांचा डबा शेजारी-शेजारी असतो, किंवा त्या बिननावाच्या पावडरमध्ये हे औषध मिसळलेले असते. म्हणून रक्तातील या गोळ्यांचा शोध त्याच नमुन्यातून घ्यायला सांगा. बायोटिन चालू असेल तर ते तपासणीआधी बंद करण्याविषयी विचारा, कारण काही लॅबच्या पद्धतींत त्यामुळे हार्मोनचे आकडे चुकतात.

> सावधान : इन्सुलिनोमाची शंका असलेल्या माणसाने ‘बघू तरी’ म्हणून घरी उपास करू नये. एकट्याने गाडी चालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर किंवा सरबत कोंबू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ लावा. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

गॅस्ट्रिनोमा, म्हणजे जठरातले आम्ल वाढवणारे गॅस्ट्रिन हे हार्मोन सोडणारी गाठ. वारंवार अल्सर, जळजळ, त्यासोबत जुलाब. इथे रक्तातील गॅस्ट्रिन आणि जठरातील आम्लाची पातळी दोन्ही लागतात. गॅस्ट्रिन कमाल मर्यादेच्या दहापट आणि जठराचा पीएच २ पेक्षा कमी असेल तर निदान पक्के. अडचण अशी की पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन आपोआप वाढते. त्या बंद करून तपासावे लागते, पण खऱ्या गॅस्ट्रिनोमात त्या एकदम बंद केल्या तर अल्सर फुटू शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीतच करा.

उरलेल्या दुर्मीळ. पाण्यासारखे प्रचंड जुलाब आणि पोटॅशियम घसरलेले असेल तर व्हिपोमा. सरकणारे लालसर चट्टे, वाढलेली साखर, उतरलेले वजन आणि पायाच्या शिरेत गुठळी असेल तर ग्लुकागोनोमा.

क्रोमोग्रॅनिन-ए या, अशा गाठींसाठी केल्या जाणाऱ्या रक्ताच्या तपासणीविषयी वेगळे सांगायला हवे, कारण हा आकडा वाढलेला पाहून अनेक घरांची झोप उडते. पित्ताच्या त्याच गोळ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या आजारानेही तो वाढतो. एकट्या क्रोमोग्रॅनिनवरून निदान करू नये.

आता घरातला इतिहास. कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन या दोन साध्या तपासण्या सगळ्यांनी कराव्यात. मेन-१ नावाच्या आनुवंशिक आजारात स्वादुपिंडात एकापेक्षा अधिक गाठी असतात, आणि एक काढून प्रश्न सुटत नाही. वय कमी, गाठी अनेक किंवा घरात इतिहास असेल तर जनुकीय तपासणी ऑपरेशनच्या आधी करा. अहवालाने ऑपरेशनचा बेतच बदलू शकतो.

## टप्पा ३ : गाठ नेमकी कुठे, किती, आणि पसरली आहे का

रक्ताचा पुरावा आधी, चित्रे नंतर. उलटे केले तर चित्रात दिसणाऱ्या एखाद्या निरुपद्रवी ठिपक्याला गुन्हेगार ठरवले जाते.

पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा सीटी. साधा ‘पोटाचा सीटी’ इथे पुरत नाही. ही गाठ इंजेक्शननंतरच्या धमनीच्या टप्प्यात काही सेकंद उजळते आणि मग आजूबाजूच्या ग्रंथीत मिसळून जाते. तो टप्पा टिपलाच नाही तर १ सेंटिमीटरची गाठ सहज निसटते. पातळ काप हवेत आणि तोंडाने पांढरे औषध न देता पाणी प्यायला द्यावे, कारण पांढऱ्या औषधाने आतड्याच्या भिंतीतली छोटी गाठ झाकली जाते. अपॉइंटमेंट घेतानाच हे बोला. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत न्या.

एमआरआय यकृतातल्या बारीक ठिपक्यांसाठी आणि स्वादुपिंडाची नळी बघण्यासाठी.

एंडोस्कोपिक सोनोग्राफी. तोंडातून दुर्बीण जठरात नेऊन तिथून केलेली सोनोग्राफी. स्वादुपिंड जठराला चिकटूनच असल्याने ५-६ मिलिमीटरच्या गाठीही दिसतात. गाठ ते मुख्य नळी हे अंतर मिलिमीटरमध्ये रिपोर्टवर लिहून मागा. पुढचा सगळा निर्णय या एका आकड्यावर फिरतो.

गॅलियम डोटा पेट-सीटी. डोटाटेट किंवा डोटानॉक अशा नावाने होणारा. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनला पकडणाऱ्या जागा, म्हणजे रिसेप्टर असतात; त्यांना चिकटून तो त्या उजळवतो आणि पसरलेला आजार दाखवतो. साखरेचा नेहमीचा एफडीजी पेट संथ गाठींत बऱ्याचदा रिकामा येतो. तो वेगाने वाढणाऱ्या गाठींसाठी. याच रिसेप्टरवर काम करणारे ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे महिन्याचे इंजेक्शन चालू असेल तर पुढचा डोस देण्याच्या जरा आधी स्कॅन ठेवतात. साध्या इन्सुलिनोमात हा स्कॅन बरेचदा काहीच दाखवत नाही, कारण तिथे ते रिसेप्टर कमी असतात. त्यासाठी एक्झेंडिनचा वेगळा पेट असतो, तो मोजक्या केंद्रांत होतो.

तीन फसव्या गोष्टी लक्षात ठेवा. स्वादुपिंडाच्या डोक्याचा अन्सिनेट नावाचा भाग निरोगी माणसातही डोटा स्कॅनमध्ये उजळू शकतो. शेपटीत प्लीहेचा जन्मजात तुकडा असू शकतो. तो सीटीतही उजळतो आणि डोटा स्कॅनमध्येही, त्यामुळे हुबेहूब गाठ वाटतो. आणि मूत्रपिंडाचा कर्करोग पूर्वी झाला असेल, तर त्याची स्वादुपिंडात आलेली गाठही अशीच दिसते. शेपटीतल्या छोट्या गाठीविषयी ‘हा प्लीहेचा तुकडा नाही ना?’ एवढे जरूर विचारा. त्यासाठी तांबड्या पेशींचा वेगळा न्यूक्लिअर स्कॅन असतो, आणि तो एक पूर्ण ऑपरेशन वाचवू शकतो.

बायोप्सी प्रत्येकाला लागत नाही. रक्ताच्या आकड्यांनी सिद्ध झालेला, एकच, छोटा इन्सुलिनोमा सुई न घालताही काढतात. हार्मोन न सोडणारी गाठ नजरेखाली ठेवायची असेल, औषधोपचार ठरवायचा असेल किंवा निदानच डळमळीत असेल तर सुई घालतात. रिपोर्टमध्ये केआय-६७ हा, गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत हे सांगणारा आकडा बघा : ३ टक्क्यांपेक्षा कमी ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. सुईत आलेला तुकडा लहान असतो, त्यामुळे खरा ग्रेड कधीकधी ऑपरेशननंतर वरचा निघतो.

> तपासून घ्या : या टप्प्याअखेर एका कागदावर सहा उत्तरे लिहिता यायला हवीत. हार्मोन कोणता किंवा नाही. गाठी किती. जागा : डोके, मान, धड की शेपूट. आकार. मुख्य नळीपासून अंतर. यकृतात किंवा लसिकाग्रंथींत काही आहे का. एखादी जागा रिकामी असेल तर अजून तारीख घेऊ नका.

## टप्पा ४ : खरेच आत्ता काढायची का?

हार्मोनचा त्रास देणारी, एका जागी असलेली गाठ आकार कितीही लहान असला तरी काढावी किंवा जाळावी लागते.

हार्मोन न सोडणारी, लक्षणे नसलेली, २ सेंटिमीटर किंवा लहान, ग्रेड १ ची गाठ मात्र अनेकदा नुसती नजरेखाली ठेवता येते. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनीही ही वाट मान्य केली आहे. आपल्याकडे ‘गाठ आहे आणि काढत नाहीत’ हे पचत नाही. नातेवाईक दुसरा, तिसरा सर्जन शोधतात आणि अखेर कुणीतरी ऑपरेशन करतोच. स्वादुपिंडावरचे कोणतेही ऑपरेशन, छेद कितीही छोटा असला तरी, आत मोठेच असते. ५५ वर्षांच्या माणसाच्या ९ मिलिमीटरच्या शांत गाठीसाठी मधुमेह किंवा गळतीचा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही.

पण ही सूट काही चिन्हांना लागू नाही : गाठीमुळे नळी फुगलेली, कावीळ, गाठ वाढत असलेली, लसिकाग्रंथी संशयास्पद, केआय-६७ वरचा. नळी फुगली असेल तर आकार १ सेंटिमीटर असला तरी थांबू नका.

नजरेखाली ठेवणे म्हणजे सुरुवातीला साधारण दर सहा महिन्यांनी आणि स्थिर राहिली तर वर्षाने स्कॅन. दोन स्कॅन चांगले आले की लोक तिसऱ्याला येतच नाहीत. तारीख घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये टाका.

## टप्पा ५ : पद्धत निवडा

आता कुठे दुर्बिणीची पाळी आली. जागा आणि अंतर यांवर पद्धत ठरते.

१. नुसती गाठ सोलून काढणे. गाठ साधारण २ सेंटिमीटरपर्यंत, पृष्ठभागाजवळ आणि मुख्य नळीपासून किमान २-३ मिलिमीटर दूर हवी. स्वादुपिंड जवळजवळ पूर्ण वाचते, म्हणून मधुमेह आणि पचनाचा त्रास सहसा टळतो. बदल्यात स्वादुपिंडाचा रस गळण्याचा धोका मोठा असतो. इन्सुलिनोमाला ही उत्तम. पसरण्याची शंका असलेल्या गाठीला ती अपुरी, कारण लसिकाग्रंथी नीट निघत नाहीत.

२. शेपटीकडचा भाग काढणे. दुर्बिणीला आणि रोबोला सर्वांत सोयीचे ऑपरेशन. नेदरलँड्समधील लेपर्ड या २०१९ च्या चाचणीत स्वादुपिंडाच्या डाव्या भागातल्या निरनिराळ्या गाठींच्या रुग्णांचा समावेश होता. त्यात छोट्या छेदाच्या ऑपरेशननंतर रुग्ण ४ दिवसांत सावरले, उघड्या ऑपरेशननंतर ६ दिवसांत. प्लीहा वाचवणार का, हे विचारा. साध्या गाठीत ती वाचवण्याचा प्रयत्न होतो; तिच्या मुख्य रक्तवाहिन्या सोडवून, किंवा त्या कापून जठराकडच्या छोट्या वाहिन्यांवर तिला जगवून.

३. मधला भाग काढणे. मानेतली, नळीला लागून असलेली गाठ. ग्रंथी वाचते, पण दोन टोके उरतात, त्यामुळे गळतीच्या जागाही दोन.

४. स्वादुपिंडाच्या डोक्यातली मोठी गाठ, म्हणजे व्हिपल ऑपरेशन : डोके, ड्युओडेनम आणि पित्तनलिकेचा भाग काढून पुन्हा जोडणी. इथे मी ठामपणे सांगतो : दुर्बिणीचा आग्रह रुग्णाने धरू नये. लेपर्ड-२ ही डच चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण दुर्बिणीच्या गटात गुंतागुंतीमुळे ५० पैकी ५ रुग्ण दगावले, उघड्या गटात ४९ पैकी १. जिथे हे ऑपरेशन दुर्बिणीने किंवा रोबोने नित्य होते अशा हातांची गोष्ट वेगळी. एरवी चांगले उघडे ऑपरेशन हेच सुरक्षित.

५. एंडोस्कोपीतून गाठ जाळणे. पोटावर एकही छेद नाही. जठरातून सुई गाठीत नेऊन रेडिओफ्रिक्वेन्सीने ती तापवतात. २ सेंटिमीटरच्या आतील इन्सुलिनोमासाठी, विशेषतः वय किंवा हृदयामुळे ऑपरेशन जड जाणाऱ्यांसाठी, हा खरा पर्याय आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या पद्धतीत गुंतागुंत १८ टक्के होती, ऑपरेशनमध्ये सुमारे ६२ टक्के. साखरेचा त्रास जाण्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ९६ आणि १०० टक्के. मात्र जाळल्यानंतर काही जणांत त्रास परततो आणि पुन्हा जाळावे किंवा कापावे लागते. पूर्ण गाठ सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही, त्यामुळे आधी सुईची तपासणी हवीच. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून गुदमार्गे डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन देतात. ‘छेद नाही म्हणजे धोका नाही’ असे समजून संध्याकाळच्या गाडीने गावी निघू नका.

गॅस्ट्रिनोमा बऱ्याचदा स्वादुपिंडात नसून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या भिंतीत असतो, काही मिलिमीटरचा. तिथे आतडे उघडून बोटाने चाचपावे लागते, त्यामुळे उघड्या ऑपरेशनचे पारडे जड.

यकृतात पसरलेला आजार असेल तर निर्णय एकट्या सर्जनचा राहत नाही. यकृतातली गाठ सुईने जाळणे, तिची धमनी बंद करणे, महिन्याचे इंजेक्शन, ल्युटेशियमचा (किरणोत्सारी औषधाचा) उपचार असे पर्याय ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत ठरतात. आणि एक इशारा : इन्सुलिनोमात ऑक्ट्रिओटाइडने काही जणांची साखर उलट आणखी घसरते. पहिला डोस रुग्णालयात, साखर मोजत.

## टप्पा ६ : सर्जनला काय विचारावे

‘तुम्ही किती ऑपरेशने केली?’ हे विचारायला लोक लाजतात. सरळ विचारा, आणि स्वादुपिंडाची किती, असे विचारा. पित्ताशयाची हजार दुर्बिणीची ऑपरेशने हे त्याचे उत्तर नाही.

दुसरा प्रश्न : ऑपरेशन थिएटरमध्ये दुर्बिणीतून घालायचा सोनोग्राफीचा प्रोब आहे का? उघड्या पोटात सर्जन बोटांनी गाठ चाचपतो. दुर्बिणीत बोटांची जागा हा प्रोब घेतो. तो नसेल तर १२ मिलिमीटरची, पृष्ठभागावर न दिसणारी गाठ शोधणे अवघड. तिसरा : रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर धमनीतून तो थांबवणारा रेडिओलॉजिस्ट याच रुग्णालयात आहे का? माझ्या मते रोबोपेक्षा हा माणूस महत्त्वाचा.

आणि ‘दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावे लागले तर?’ हेही आधीच बोला. तसे करणे हा सर्जनचा पराभव नसतो. संमतिपत्रावर ते लिहिलेले असते, वाचून सही करा.

खर्च. मेडिक्लेममध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेला संरक्षण असले तरी तिच्यावर वेगळी कमाल मर्यादा असू शकते. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ हे कलम शोधा आणि कॅशलेसची मंजुरी आकड्यासह लेखी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचे असेल तर दाखल होण्यापूर्वीच संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पूर्वमंजुरीआधी स्वतः पैसे भरून ऑपरेशन उरकले तर नंतर ते परत मिळतील असे धरून चालू नका.

## टप्पा ७ : तयारी

दोन आठवडे आधी : शेपटीकडचे ऑपरेशन असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंवरच्या लसी. प्लीहा वाचवण्याचा बेत असला तरी घ्या, बेत टेबलावर बदलू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. फुंकर मारायच्या तीन चेंडूंच्या यंत्राचा सराव आत्तापासून सुरू करा. ऑपरेशननंतर वेदनेत शिकता येत नाही.

इन्सुलिनोमा असेल तर : दर दोन-तीन तासांनी थोडे खाणे, आणि झोपताना कच्चे कॉर्नफ्लोअर थंड दुधात किंवा पाण्यात ढवळून. किती, ते आहारतज्ज्ञ सांगतील. शिजवू नका, शिजवले की ते लवकर पचते आणि पहाटेपर्यंत पुरत नाही. डायझॉक्साइड हे इन्सुलिन रोखणारे औषध चालू असेल तर पायावर सूज येते का बघा.

> सावधान : ‘रात्री बारानंतर काही खायचे नाही’ ही सूचना इन्सुलिनोमाच्या रुग्णाला जशीच्या तशी लागू करू नका. आदल्या दिवशी दाखल व्हा. उपाशी राहायला लागल्यापासून शिरेतून डेक्स्ट्रोज चालू हवे आणि ठरावीक तासांनी साखर मोजलेली हवी. वॉर्डातली नवी नर्स विसरली तर आठवण करून देणे हे सोबतच्या माणसाचे काम.

## टप्पा ८ : ऑपरेशन आणि पहिले काही दिवस

पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, चार-पाच छिद्रांतून काम होते, गाठ पिशवीत घालून बाहेर काढतात. इन्सुलिनोमा निघाल्यावर साखर काही तासांत वर चढू लागते आणि काही दिवस चढी राहू शकते. हा मधुमेह लागला असे समजून हताश होऊ नका. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो, तो उरलेल्या वायूमुळे. चालले की कमी होतो.

खरे लक्ष द्यायचे ते ड्रेनच्या, म्हणजे पोटातला स्राव बाहेर आणणाऱ्या नळीच्या पिशवीकडे. पहिल्या दिवशी त्यात फिकट लालसर पाणी असते, मग ते पिवळसर आणि कमी होत जाते. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातील अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले एन्झाइम तपासतात. ते रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तीनपटीहून जास्त असेल तर स्वादुपिंडाचा रस झिरपतो आहे. नुसता आकडा जास्त, पण ताप नाही, पोट मऊ आणि रुग्ण जेवतो आहे, तर बहुतेकदा ड्रेन ठेवून वाट बघणे पुरते. पाणी राखाडी, तपकिरी किंवा दुर्गंधी झाले, ताप आला, नाडी वाढली, तर लगेच सीटी.

> सावधान : ‘नळीचा त्रास होतो, काढून टाका’ असा लकडा लावू नका. अमायलेजचा रिपोर्ट न बघता नळी काढू नये.

## टप्पा ९ : घरी

काही जण ड्रेनसह घरी येतात. रोज ठरलेल्या वेळी पिशवी मोजपात्रात रिकामी करा आणि वहीत तीन गोष्टी लिहा : किती मिलिलिटर, रंग, वास.

यातली सर्वांत महत्त्वाची सूचना ही : ड्रेनमध्ये ताजे लाल रक्त, उलटीतून रक्त किंवा काळी शौच दिसली, ती थोडी असली आणि आपोआप थांबली तरी, त्याच तासात रुग्णालय गाठा. गळणाऱ्या रसाने जवळची धमनी खरवडली गेली तर आधी असा छोटा रक्तस्राव होतो आणि मोठा मागाहून येतो. हे ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांनीही घडते, जेव्हा घरातल्यांचे लक्ष सैल झालेले असते.

शौच तेलकट, भांड्याला चिकटणारी, तरंगणारी होत असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण आटोपल्यावर घेतल्या की निम्मा उपयोग जातो. प्लीहा काढली असेल तर पुढे आयुष्यभर थंडी वाजून ताप आला की घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर, आणि आपल्याला प्लीहा नाही हे त्यांना आधी सांगायचे. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा.

## टप्पा १० : अंतिम रिपोर्ट आणि पुढची वर्षे

टाके निघाले की लोक अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट न्यायलाच विसरतात. त्यात हे असायला हवे : केआय-६७ आणि ग्रेड, गाठीचा आकार, कडा मोकळ्या आहेत का, किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि किती बाधित, रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का. एकही गोष्ट नसेल तर पुन्हा मागा.

एकच, छोटा, ग्रेड १ चा इन्सुलिनोमा पूर्ण निघाला आणि साखर स्थिरावली, तर पुढे वारंवार स्कॅनची गरज सहसा नसते. लक्षणे परतली तर मात्र यायचे. इतर गाठी पाच वर्षांनंतरही डोके वर काढू शकतात, म्हणून त्यांचा पाठपुरावा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त चालतो. प्रत्येक वेळी डोटा पेट लागत नाही. बहुतेकदा सीटी किंवा एमआरआय पुरतो, आणि दोन वेगवेगळ्या सेंटरच्या चित्रांची तुलना करणे कठीण असल्याने शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच प्रोटोकॉलने करा. जुन्या सीड्या टाकून देऊ नका. पुढच्या रेडिओलॉजिस्टला ‘हा ठिपका तेव्हाही होता का’ हे त्यांवरूनच कळणार आहे.